ग्रंथ गोठवण्याची संमती

रक्ततपासणीच्या रिपोर्टचं पाकीट उघडल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर खिशातलं लाल पेन काढलं. कागदावर ४.१ छापलं होतं. मागच्या खेपेला १.४ होतं. म्हणजे आकडे उलटे पडले होते, त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. बसच्या वेळापत्रकांची प्रुफं तपासण्यात माझी निम्मी हयात गेली. चौदाचे एकेचाळीस झालेले मी हजारदा पाहिलेत आणि हजारदा त्यांच्यावर ती नागमोडी खूण करून त्यांना आपापल्या जागी पाठवलंय. त्यामुळे मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी परत गेलो आणि आतल्या मुलीला म्हणालो, "ताई, हे आकडे उलटे पडलेत." ती म्हणाली, "उलटे म्हणजे?" मी कागद आत सरकवला. "एक पूर्णांक चारचं चार पूर्णांक एक झालंय. टाइप करताना होतं असं. मी रागावलेलो नाही." तिने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या लाल पेनाकडे पाहिलं. "आजोबा, आम्ही टाइप नाही करत. मशीनच छापतं." मी म्हटलं, "मशीनला कुणीतरी सांगत असेलच की." तिने मला खुर्चीवर बसवलं, दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेतलं आणि उद्या या म्हणाली. दुसऱ्या दिवशी कागदावर ४.२ होतं. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या प्रुफात चूक दुरुस्त होण्याऐवजी वाढली होती.

हा आकडा प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा, जितका लहान तितका बरा. पुरुषाच्या पोटात मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. खरं तर त्याआधी मी आरोग्याच्या एका जाडजूड पुस्तकात तिच्यावरचं अख्खं प्रकरण तपासलं होतं, पण तपासणं निराळं आणि कळणं निराळं. चार वर्षांपूर्वी तिच्यात कर्करोग निघाला तेव्हा सात आठवडे रोज सकाळी मी किरणं घ्यायला गेलो. एका थंड टेबलावर उताणं पडायचं, हलायचं नाही, डोक्यावरून एक यंत्र घरघरत फिरायचं. दुखत काहीच नसे. मग आकडा उतरत उतरत एकाच्या आसपास येऊन थांबला आणि मी तो विसरलो. विसरलो म्हणजे दर सहा महिन्यांनी तो कागद डोळ्यांत तेल घालून वाचत होतो, पण त्यावरचं नाव आपलं आहे हे विसरलो होतो. छापखान्यात मला 'चूकभूल' म्हणत. जुन्या जाहिरातींच्या तळाशी चूकभूल द्यावी घ्यावी असं असायचं, त्यावरून. तिथल्या लोकांना वाटे की हा माणूस इतकं वाचतो म्हणजे याला जगातलं सगळं ठाऊक असणार. कायदा, वैद्यक, ज्योतिष, कोंबड्या पाळण्याचं शास्त्र, काय वाटेल ते विचारा. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. खरी गोष्ट अशी की प्रुफं वाचणारा माणूस वाचतच नाही. तो अक्षरं बघतो. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, हे शिकायला मला दोन वर्षं लागली आणि मग ते इतकं अंगवळणी पडलं की परत उलटं फिरता आलं नाही. वडील गेले त्या दिवशी त्यांच्या निधनाचा मजकूर मीच लिहून वर्तमानपत्रात दिला आणि मीच त्याचं प्रूफ पाहिलं. 'दुःखद'मधला विसर्ग उडाला होता, तो घातला. वडिलांच्या नावात एक दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला होता, तो बदलला. खाली सही केली, वेळ टाकली. तिसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात त्यांचं नाक दिसलं तेव्हा रडू आलं. तोवर बातमी माझ्या डोळ्यांखालून गेली होती, माझ्यापर्यंत आली नव्हती.

मग तपासण्यांची रांग लागली. बोगद्यासारख्या यंत्रात घातलं, हाडांचा फोटो काढला, सुईने ग्रंथीचे बारा बारीक तुकडे काढले. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. हे डॉक्टर पन्नाशीचे, बोलताना टेबलावरच्या वस्तू सारख्या सरळ करत राहणारे. मला अशी माणसं आवडतात. "काका, चांगली गोष्ट आधी सांगतो," ते म्हणाले. "हाडांत नाही, गाठींत नाही, कुठे पसरलेलं नाही. होतं तिथेच परत आलंय." मी विचारलं, "मग पुन्हा किरणं?" त्यांनी मान हलवली. "एका जागी एकदाच देता येतात. पुन्हा दिली तर शेजारचं आतडं जळेल. कापून काढावं, तर किरणांनी आत सगळं एकमेकांना चिकटलंय, हात घालायला जागा नाही. दोन रस्ते उरतात. एक, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. त्याने ते दबून राहतं, जात नाही. दुसरा, गोठवायचं." मी म्हटलं, "काय गोठवायचं?" तर म्हणाले, "ती ग्रंथीच. बारीक सुया आत घालायच्या, त्यांतून वायू सोडायचा, उणे चाळीसच्या खाली न्यायचं. मग वितळू द्यायचं. मग पुन्हा गोठवायचं. पेशी मरतात." हे ते इतक्या सहज म्हणाले की मीही सहज मान डोलावली. मग एकदम लक्षात आलं आणि विचारलं, "पण लघवीची वाट तर तिच्या मधूनच जाते ना?" डॉक्टर खूश झाले. "बरोबर. म्हणून तिच्यात एक नळी घालतो आणि सगळा वेळ कोमट पाणी फिरवत ठेवतो. चहूकडे बर्फ आणि मध्ये ऊब." नंतर ते बरंच बोलले, पण मी त्या कोमट पाण्यापाशीच थांबलो होतो. आमच्या जुन्या छापखान्यात थंडीच्या दिवसांत सकाळी शाई घट्ट व्हायची. रुळांवर पसरायची नाही, अक्षरं अर्धवट उमटायची. मशीनमन शाईच्या पाट्याखाली एक लहानसा दिवा लावून ठेवायचा आणि त्याच्यापाशी उभा राहून हात शेकत, कुणाला तरी शिव्या घालत वाट बघायचा. आम्ही सगळेच काहीतरी निमित्त काढून त्या दिव्यापाशी जायचो. मला त्या डॉक्टरांच्या खोलीत, उणे चाळीसच्या गप्पा चालल्या असताना, त्या दिव्याची धग हाताला लागली. "हा कागद घरी न्या," डॉक्टर म्हणत होते. "नीट वाचा, दोघांनी वाचा. काय काय होऊ शकतं ते सगळं यात आहे. मग ठरवा. घाई नाही, पण महिना-महिना रेंगाळूही नका."

संमतीचा तो कागद चार पानी होता. घरी येऊन मी गॅलरीतल्या टेबलावर बसलो, चष्मा पुसला आणि नीट वाचायला घेतला. पहिल्याच ओळीत जीव रमला. वर ठळक अक्षरांत मथळा होता: 'पुरःस्थ ग्रंथ गोठवण्याच्या शस्त्रक्रियेस संमती'. ग्रंथी नव्हे, ग्रंथ. एक दीर्घ वेलांटी उडाली आणि माझ्या पोटातल्या अक्रोडाचं पुस्तक झालं. खाली तर बहारच होती: 'माझा ग्रंथ पूर्वी किरणांनी उपचार केलेला असून तो पुन्हा दूषित झाला आहे, हे मला समजले आहे.' मी एकटाच हसलो. जन्मभर दुसऱ्यांचे ग्रंथ साफ केले, आता कुणीतरी माझा हाती घेतला होता. मग पेन चालायला लागलं. 'सुया'चं 'सूया' झालेलं, 'मूत्रमार्ग'चा मू ऱ्हस्व, एका ठिकाणी 'रुग्णास' दोनदा, 'भूल देणारे डॉक्टर'च्या जागी 'भूल येणारे डॉक्टर'. समासात लाल खुणा उमटत गेल्या आणि मला बरं वाटत गेलं. अर्ध्या तासाने बायको चहा घेऊन आली. "काय लिहिलंय त्यात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अकरा चुका आहेत." ती तशीच उभी राहिली. "ते नाही विचारलं मी. लिहिलंय काय?" मी पानांकडे पाहिलं. तीनदा वाचली होती. कुठल्या ओळीत कुठला काना नाही ते डोळे मिटून सांगितलं असतं, पण लिहिलंय काय, ते मला सांगता येईना. "नेहमीचंच," मी म्हटलं. "धोके वगैरे." ती कप ठेवून आत गेली.

खरं म्हणजे एक वाक्य मला कळलं होतं. तिसऱ्या पानावर, खालून सहावी ओळ. 'शस्त्रक्रियेनंतर लैंगिक क्षमता परत येण्याची शक्यता असते, याची रुग्णाने व त्याच्या पत्नीने मानसिक तयारी ठेवावी.' शुद्धलेखनाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं. डोळे त्यावरून दोनदा घसरून पुढे गेले, आणि तिसऱ्यांदा अडले. आनंदाची कुणी मानसिक तयारी ठेवतं का? शब्द गळलाय, इथे एक शब्द गळलाय, असं माझ्यातला चूकभूल म्हणाला. गळलेला शब्द नुसती अक्षरं बघून सापडत नाही, त्यासाठी वाक्याच्या अर्थात शिरावं लागतं, आणि मी बेसावधपणे शिरलो. कुठला शब्द असेल हे मला अर्थातच ठाऊक होतं. पण आमच्या धंद्याचा एक नियम आहे: अर्थ बदलणारा शब्द तपासणाऱ्याने आपल्या मनाने घालायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं. मी प्रश्नचिन्ह केलं. इतकं लहान केलं की भिंगाशिवाय दिसू नये.

दोन दिवसांनी बायकोला छापखान्यात जातो असं सांगून मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. लाल पेनाने रंगलेला कागद पाहून ते आधी गोंधळले, मग 'ग्रंथ' वाचून खो खो हसले. मी त्यांचं हसणं संपू दिलं आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "इथे एक शब्द राहिलाय का?" त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. टेबलावरची पंचिंग मशीन उचलून तिथेच ठेवली. "राहिलाय," ते म्हणाले. "'शक्यता कमी असते' असं हवं." मी विचारलं, "किती कमी?" "खरं सांगू? बरीच. किरणांनंतर गोठवलं की बहुतेकांची जातेच. लघवीचं मात्र तसं नाही, बहुतेकांचा ताबा परत येतो. थोड्यांचा नाही येत." मग जरा थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सहा वर्षं हा कागद देतोय मी. कुणी विचारलं नाही." मी म्हटलं, "वाचला नसेल कुणी." "नाही काका. वाचला असेल सगळ्यांनी. विचारलं नसेल." मग मी लाल पेन काढलं, 'शक्यता' आणि 'असते' यांच्यामध्ये खालून कावळ्याच्या पायासारखी ती दोन रेघांची खूण केली आणि वर लिहिलं, कमी. माझं अक्षर चांगलं आहे. त्या पानावर ते एवढंच हाताने लिहिलेलं होतं आणि छापलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा ठळक दिसत होतं.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं, "इंजेक्शनच घेऊ म्हणतो." ती भाजी निवडत होती. "का?" "सोपं आहे. टोचलं की झालं. त्या बर्फाच्या भानगडीत कोण पडतो?" "पण तुम्हीच म्हणालात ना, त्याने जात नाही, नुसतं दबतं?" "दबलं तरी पुष्कळ." मी असं म्हणालो आणि कागद वेळापत्रकांच्या गठ्ठ्यात खाली सरकवून ठेवला. आता हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आपण काय वाचवतोय, हे मी स्वतःला विचारलं नाही. किरणं झाल्यापासून त्या बाबतीत आमच्यात काहीच उरलं नव्हतं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी मध्येच उठून पाणी प्यायला गेलो, आणि मग रात्री चार-चारदा उठावं लागतं, तुझी झोपमोड होते, असं कारण सांगून मी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर झोपायला लागलो. उठावं लागत होतं हे खोटं नव्हतं. पण ते कारण नव्हतं. तरीही, नसलेल्या गोष्टीबद्दलसुद्धा 'कमी' असं कागदावर येणं आणि त्याखाली तिचीही सही लागणं, हे मला सोसवणारं नव्हतं. जोवर शब्द गळलेला आहे तोवर वाक्य दोन्हीकडे वळू शकतं, अशी माझी काहीतरी वेडी समजूत. चार दिवस मी प्रत्येक वेळी दुसराच विषय काढला. पाचव्या दिवशी दुपारी ती तो कागद हातात घेऊन गॅलरीत आली. वेळापत्रकांचा गठ्ठा तिने झाडायला काढला होता, की मुद्दाम शोधला होता, हे मी विचारलं नाही.

"या लाल खुणा बघूनच कळलं," ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही हे वाचलेलं नाही." मी म्हटलं, "तीनदा वाचलंय." "तुमचं वाचणं मला शिकवू नका. बसा समोर. मी वाचते." हे वाक्य मी एकवीस वर्षं ऐकलं नव्हतं. आमची ओळखच तशी झालेली. ती बाविसाव्या वर्षी छापखान्यात कॉपी वाचायला लागली. कॉपी वाचणं म्हणजे लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि समोर बसलेल्या माणसाने छापलेल्या प्रुफावर बोट फिरवत ते पडताळायचं. समोर बसलेला माणूस मी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आमच्यामध्ये एक टेबल आणि तिचा आवाज. स्वल्पविराम म्हणण्याआधी ती स्वतःही थांबायची, त्यामुळे तिच्या वाचण्यात प्रत्येक विराम दुप्पट व्हायचा. फोरमन चिडायचा, की बाई, काम कधी उरकायचं? मला मात्र ते उरकूच नये असं वाटायचं. दोन वर्षांत मी तिच्या तोंडून एक शब्दकोश, जमीन मोजणीचे कायदे आणि विहिरींवरचं एक भलं मोठं पुस्तक ऐकलं आणि त्यानंतर लग्नाचं विचारलं. पुढे संगणक आले, कॉपी वाचायची गरज उरली नाही, ती एका शाळेच्या कचेरीत गेली. घरात आम्ही एकमेकांशी बोलत राहिलो, पण ते निराळं. आता ती समोर बसली, कागद जरा लांब धरला आणि जुन्या सपाट आवाजात सुरू झाली. "मथळा. पुरःस्थ ग्रंथी, दीर्घ वेलांटी दुरुस्त, गोठवण्याच्या शस्त्रक्रियेस संमती. नवा परिच्छेद."

माझ्या हातात पडताळायला प्रूफ नव्हतं. बोट फिरवायला काही नव्हतं, त्यामुळे ऐकणं भाग होतं. "धोका क्रमांक एक. लघवीवरील ताबा काही काळ, स्वल्पविराम, किंवा क्वचित कायमचा, स्वल्पविराम, कमी होऊ शकतो. पूर्णविराम." मी ऐकलं आणि पहिल्यांदा घाबरलो. रीतसर, तळवे ओले होईपर्यंत घाबरलो. ही माझ्याबद्दल बोलतेय, हे माझं आहे, हा आकडा, ही ग्रंथी, या सुया. "धोका क्रमांक दोन. आतडे व मूत्रमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडू शकते, कंस सुरू, अत्यंत क्वचित, कंस पूर्ण." तिचा आवाज हलला नाही. तिसरं पान आलं. "शस्त्रक्रियेनंतर लैंगिक क्षमता परत येण्याची शक्यता," आणि ती थांबली. स्वल्पविराम नव्हता तिथे. "हा 'कमी' कुणी घातला?"

"मी. डॉक्टरांना विचारून."

"म्हणजे छापखान्यात जातो म्हणालात, तेव्हा?"

मी मान हलवली. तिने ते वाक्य मनात पुरतं वाचलं. मला तिच्या ओठांवरून कळत होतं ती कुठे आहे. "आणि हे मला कळू नये म्हणून इंजेक्शन?" मी चष्मा काढून पुसायला घेतला. "इंजेक्शनने काय होतं ते विचारलंत?" "विचारलं." "काय होतं?" "इच्छाच जाते म्हणे." तिने कागद मांडीवर ठेवला. "म्हणजे इथे एक शब्द गळतोय म्हणून तुम्ही तिथे अख्खं पानच फाडायला निघालात." तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मला काय करावं ते कळेना. "चार वर्षं बाहेरच्या खोलीत झोपताय," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच नकोशी झाले." मी म्हणालो, "तू? तू कशी नकोशी होशील? मला वाटलं की मीच आता…" "काय?" "उपयोगाचा नाही." "उपयोगाचा? मी काय तुम्हांला कपाट म्हणून आणलं होतं घरात?" तिने पदराने नाक पुसलं. "मला तुमची पाठ हवी होती हो शेजारी. नुसती पाठ. तिला टेकून झोपायची सवय झालेली मला. पाठीला काय झालंय तुमच्या?" पाठीला काहीच झालं नव्हतं. मी तसं सांगितलं. चार वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं आपण दुसऱ्याला नकोसे झालो या काळजीत झोपत होतो, आणि जन्मभर भाषेचाच पगार घेत आलेल्या मला एक वाक्य विचारता आलं नव्हतं. मग तिने चष्मा पुन्हा लावला. "चला. चौथं पान राहिलंय. अर्धवट सोडायचं नाही." शेवटच्या पूर्णविरामापर्यंत तिने वाचलं. खाली मी सही केली, शेजारी तिने.

गोठवायला दीड-दोन तास लागले. कमरेत टोचून खालचा भाग बधिर केला होता, मी जागा होतो, समोर हिरवा पडदा. पाय आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. डॉक्टरांच्या शेजारी कुणीतरी आकडे वाचत होतं: उणे दहा, उणे बावीस, उणे अडतीस. मला ते वाचणं ओळखीचं वाटलं, फक्त समोर तपासायला मी नव्हतो, कुणीतरी मलाच तपासत होतं. "काका, ठीक आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "मधलं पाणी कोमट आहे ना?" "आहे, आहे. तेच तर बघतोय." मग वितळवलं. मग पुन्हा आकडे उतरत गेले. मी डोळे मिटले. वाटलं होतं की गोठणं म्हणजे मरणासारखं काही असेल, सगळं थिजत जाईल. तसं काही झालं नाही. जे मरायला हवं होतं तेवढंच मरत होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक बोटभर जागा आपली ऊब धरून होती. हे मी तेव्हा शब्दांत म्हणालो नाही. तेव्हा मी एवढंच म्हणालो की मला थंडी वाजतेय, आणि सिस्टरने माझ्या छातीवर आणखी एक पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी नळीसकट घरी पाठवलं. बायकोने माझी उशी, न विचारता, आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती. दोन आठवडे लघवीची पिशवी पलंगाच्या कडेला लटकत राहिली आणि तरीही मला गाढ झोप लागली. नळी काढली त्या दिवशी सिस्टर म्हणाली, "आता उभे राहा आणि खोका." मी भीत भीत खोकलो. "जोरात, आजोबा. लाजताय काय?" मी जोरात खोकलो. थोडं ओलं झालं, फार नाही. "छान," सिस्टर म्हणाली. "राहिलेलं व्यायामाने जाईल." मी व्यायाम केले, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. खालचे स्नायू आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचे. बरंच थांबलं. पण सगळं थांबलं नाही. शिंक आली, खोकला आला, उठताना घाई झाली, की थेंबभर निसटायचं. बायकोला मी सांगितलं की आता काही होत नाही. पुन्हा खोटं, हो. कपड्यात ठेवायच्या कापसाच्या घड्या मी न्हाणीघरात फळीवर मागे लपवायचो आणि वापरलेल्या रद्दी प्रुफांत गुंडाळून स्वतः खाली टाकून यायचो. शिंका दाबायला शिकलो. आणि हसणं सोडलं. हसण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही, कारण ते सांगून येत नाही. बायको म्हणायची, "फार गंभीर झालात हो." मी म्हणायचो, "वय झालं."

तीन महिन्यांनी रक्त दिलं. आकडा ०.२ आला. डॉक्टरांनी कागद सरळ केला, पेन सरळ केलं, मग खुर्चीत मागे रेलले. "छान आहे, काका. अगदी हवा तसा. दर तीन महिन्यांनी बघत राहू, एवढ्यात निश्चिंत व्हायचं नाही, पण आज घरी जाऊन आराम करा." आम्ही दोघं बाहेर आलो आणि पुढची तारीख घ्यायला खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिलो. जीव भांड्यात पडला होता, पण मी नेहमीसारखा पोट आवळून, जमिनीकडे बघत उभा होतो, आत मोजत होतो, सात, आठ, नऊ. बायकोने कोपराने ढोसलं. "अहो, वर बघा." खिडकीवर नवी कोरी पाटी लावली होती. तिने तिच्या त्या सपाट आवाजात, हळूच, फक्त मला ऐकू येईल असं वाचलं, "कृपया रागेत उभे राहावे. पूर्णविराम. अनुस्वार गेलाय." मी पाटी पाहिली. मग रांगेकडे पाहिलं. पुढचा गृहस्थ खिडकीवर बोटं आपटत होता, त्याच्यापुढची बाई कुणालातरी फोनवर झापत होती, मागे दोघं जण कोण आधी आलं यावरून हातघाईवर आले होते. सगळी रांग पाटीवर लिहिलं होतं त्याप्रमाणे, अगदी काटेकोर, उभी होती. दहापर्यंत पोचायच्या आत मला हसू फुटलं. दाबलं, ते नाकातून आलं. मग दाबता आलं नाही. आणि अर्थातच व्हायचं ते झालं.

माझा चेहरा पडलेला तिला दिसला. "काय झालं?" ती म्हणाली. "दुखतंय?" मी नाही म्हणणार होतो. तोंडात तो शब्द आलाही होता. पण चार वर्षं, आणि ती गॅलरी, आणि आत्ताच हातात आलेला तो शून्य पूर्णांक दोन, हे सगळं एकदम आठवून मला माझाच कंटाळा आला. मी तिच्या कानाशी वाकलो. "गळलं," मी म्हणालो. "हसलो की गळतं. खोकलो तरी. पहिल्यापासून. तुला सांगितलं नाही."

"किती?"

"दोन थेंब. फार तर तीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही चिडणार, किंवा कीव करणार, आणि दोन्हींसाठी मी तयार झालो. "बस्स?" ती म्हणाली. "मला तर आपल्या मुलीच्या वेळेपासून होतंय तसं. शिंकले की. हसले की तर हमखास." मला कळेना ती काय बोलतेय. मुलगी सदतीस वर्षांची आहे. "सदतीस वर्षं?" मी म्हटलं. "मग बोलली नाहीस कधी?"

"कुणाशी बोलणार? तुम्ही विचारलंत कधी?"

नव्हतं विचारलं. सदतीस वर्षं शेजारी असून मला पत्ता नव्हता. मी तोंड उघडलं, पण माफी कशी मागायची ते सुचायच्या आत तीच फिस्सकन हसली, पदर तोंडाला लावून, मागचे दोघं भांडायचे थांबून बघायला लागले तरी हसली, आणि हसता हसता माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "आता माझंही झालं." मग मात्र मी मोजणं सोडून दिलं. त्या रागावलेल्या रांगेत, आपला नंबर येईपर्यंत, आम्ही दोघंही व्हायचं ते होऊ दे म्हणून हसत राहिलो.